कायमचा दात हलतो तेव्हा

दुधाचा दात हलू लागला की घरात कोणाच्याच पोटात गोळा येत नाही. मूल दिवसभर जिभेने तो ढकलत राहते, मोठी माणसे कौतुकाने बोट लावून पाहतात आणि तो कधी पडतो याची वाटच पाहिली जाते, कारण त्याच्यामागे दुसरा दात येणार आहे हे सर्वांना ठाऊक असते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचा कायमचा दात हलतो तेव्हा मात्र ही सगळी जुनी सवय आपल्यावरच उलटते. जिभेला तेच करायचे असते, बोटांनाही तेच, आणि घरातल्या प्रत्येकाच्या तोंडून "बघू, किती हलतोय" हेच वाक्य बाहेर पडते. त्यातून हा प्रसंग ओढवतो तो बहुधा उशिराच्या संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी, कारण मुले खेळतात तेव्हा दंतवैद्यांचे दवाखाने बंद असतात. दवाखाना उघडेपर्यंतच्या त्या मधल्या तासांत आईबापांनी करण्यासारखे थोडे आणि न करण्यासारखे पुष्कळ असते, आणि अशी एक रात्र काढल्यावर माझे मत असे झाले आहे की खरा कस लागतो तो न करण्याच्या गोष्टींतच.

आधी एक शंका मात्र फेडून घ्यावी: हलणारा दात खरोखरच कायमचा आहे का? दुधाचे सुळे आणि दुधाच्या मागच्या दाढा साधारण दहा ते बाराव्या वर्षाच्या दरम्यान पडतात, काही मुलांत त्याहूनही उशिरा. त्यामुळे बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा बाजूचा एखादा दात कसलाही मार लागलेला नसताना हलू लागला, तर तो दुधाचाच असण्याची शक्यता बरीच असते. दुसरी दुधाची दाढ दिसायला शेजारच्या कायमच्या दाढेसारखीच असते, आणि काहींच्या जबड्यात तिची जागा घेणारी उपदाढ जन्मतःच तयार झालेली नसते, तेव्हा ही दुधाची दाढ प्रौढ वयापर्यंतही टिकून राहते. म्हणजे निव्वळ पाहून खात्री होईलच असे नाही, ती एक्स-रेनेच होते. समोरच्या पटाशीच्या दातांबाबत असा संभ्रम नसतो. ते सहाव्या ते नवव्या वर्षांच्या दरम्यान बदलून गेलेले असतात, आणि किशोरवयात नेमके तेच, विशेषतः वरचे मधले दोन, माराच्या वाटेत सर्वांत पुढे असतात. दातांना तार बसवलेली असेल तर दात किंचित हलणे हा उपचाराचाच भाग असतो, कारण हलल्याशिवाय दात सरकणार कसा. तिथे फार तर दुसऱ्या दिवशी तार लावणाऱ्या डॉक्टरांना कळवावे, रात्र जागवू नये.

दात हलतो म्हणजे नेमके काय होते हे कळले की पुढची बरीच पथ्ये आपोआप पटतात. दात जबड्याच्या हाडाला थेट चिकटलेला नसतो. त्याचे मूळ आणि हाडातली खोबण यांच्यामध्ये साधारण 0.2 मिलिमीटर रुंदीची एक फट असते आणि त्या फटीत तंतूंचा एक अस्थिबंध असतो. तंतूंचे एक टोक मुळावरच्या पातळ थरात रुतलेले, दुसरे हाडात. दात त्यांच्यावर झोळीत ठेवल्यासारखा तोलून धरलेला असतो. म्हणूनच निरोगी दातालाही बोटाला जेमतेम जाणवेल इतकी हालचाल असते, म्हणूनच घास चावताना हाडाला दणका बसत नाही, आणि या अस्थिबंधातल्या मज्जातंतूंमुळेच दातांत अडकलेला केससुद्धा आपल्याला लगेच समजतो. तोंडावर कोपर, चेंडू किंवा सायकलचे हँडल बसते तेव्हा हे तंतू ताणले जातात आणि त्यांतले काही तुटतात. दात जागेवरच राहिला पण दुखरा झाला, ही सर्वांत सौम्य पायरी. त्यानंतर दात जागेवरच पण सैल, आणि हिरडीच्या कडेने थोडे रक्त. त्यापुढे दात खोबणीतून थोडा बाहेर आलेला, आत किंवा बाहेर कललेला, किंवा वर हाडात रुतलेला. आणि शेवटची पायरी म्हणजे दात समूळ निखळून हातात आलेला.

यांतली एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. तुटलेले तंतू पुन्हा जुळतात, आणि तेही बऱ्यापैकी लवकर. सैल झालेला दात बांधून ठेवावाच लागला तर दंतआघातांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो दोन आठवड्यांपर्यंत बांधतात. बहुतेक वेळा तेवढेही करावे लागत नाही. म्हणजे दुरुस्तीचे काम शरीरच करत असते आणि ते त्या रात्रीच सुरू झालेले असते. दर दहा मिनिटांनी दात हलवून पाहणे म्हणजे जुळू पाहणारे तंतू पुन्हा पुन्हा ताणणे. मुळाच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रातून दाताच्या गाभ्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू शिरतात, त्यांचाही प्रश्न असतोच. ती वाट दुखावली तर आतला गाभा मरू शकतो, आणि हे लक्षात येते ते कित्येक आठवड्यांनी, दात करडा पडू लागतो तेव्हा किंवा हिरडीवर पुटकुळी येते तेव्हा.

आमच्या घरी हे निमित्त घडले ते खेळात लागलेल्या एका कोपरामुळे. मुलगा घरात आला तो ओठ घट्ट मिटून, आणि विचारल्यावर "काही नाही झालं" एवढेच बोलून खोलीत गेला. या वयाची मुले दुखणे लपवतात ते वेदनेला भिऊन नव्हे. मोठ्यांची गडबड, प्रश्नांची सरबत्ती आणि "तरी सांगत होते" हे त्यांना दाताहून अधिक नकोसे असते. मी काही वेळ गप्प राहिले. मग तोच बाहेर येऊन म्हणाला, "आई, जरा बघतेस का? पण हात लावू नकोस."

हात लावू नकोस ही त्याची अट योग्यच होती, कारण पाहण्यासारखे जे होते ते सगळे हात न लावताही दिसत होते. मोबाइलचा उजेड टाकून त्याने ओठ वर धरला. वरच्या मधल्या दोन दातांपैकी उजव्या दाताभोवती, हिरडी जिथे दाताला भेटते तिथे, रक्ताची दोऱ्याएवढी लाल रेघ होती. शेजारच्या दाताभोवतीची हिरडी स्वच्छ गुलाबी. दाताचा टवका उडालेला नव्हता. तो शेजाऱ्यापेक्षा लांब किंवा आखूड दिसतो का हे ठरवताना माझी नजर भीतीने काहीही पाहू लागली, तेव्हा मोबाइलमधला त्याचा हसरा जुना फोटो काढून शेजारी धरला, आणि दोन दातांच्या कडा पूर्वी होत्या तशाच आहेत हे दिसले. ही युक्ती कोणालाही करता येण्यासारखी आहे. किशोरवयीन मुलाचा दात दाखवणारा फोटो सापडणे ही त्यातली एकमेव अडचण. त्यानंतर त्याला अगदी हळू दात मिटायला सांगितले आणि विचारले की सगळे दात नेहमीसारखे एकदम टेकतात की एखादा आधी लागतो. "एकदम," तो म्हणाला. मिटण्याचा हा प्रश्न फार मोलाचा आहे. दात किंचितही सरकला असेल किंवा जबड्याला काही झाले असेल, तर डोळ्यांना चुकलेला फरक मुलाला चावताना जाणवतो.

रात्र थांबता येईल की नाही, हे ठरते ते या पाहणीवरून. दात जागेवर आहे, नीट मिटतो आहे, थोडा सैल आणि दुखरा आहे, रक्त थांबले आहे, तर सकाळपर्यंत वाट पाहिल्याने बहुधा काही बिघडत नाही. दात कललेला, बाहेर आलेला किंवा आत रुतलेला दिसत असेल, त्याच्यामुळे तोंड नीट मिटत नसेल, किंवा एक दात हलला की शेजारचे दोन-तीन दातही त्याच्याबरोबर एकत्र हलत असतील, तर दात धरून ठेवणारे हाडच मोडलेले असू शकते. तिथे सकाळची वाट न पाहता त्याच रात्री तातडीची दंतसेवा किंवा मोठे रुग्णालय गाठावे, आणि दात जोर लावून जागेवर बसवण्याचा खटाटोप घरी करू नये. आणि दाताच्या नादात डोके विसरू नये. ज्या माराने दात हलला तोच मार डोक्यालाही बसलेला असतो. मूल क्षणभर का होईना बेशुद्ध झाले असेल, गोंधळल्यासारखे बोलत असेल, त्याला पुन्हा पुन्हा उलट्या होत असतील, डोकेदुखी वाढत असेल, तर दात हा त्या रात्रीचा दुय्यम विषय ठरतो. स्वच्छ कापडाची घडी चावून धरल्यावरही रक्त थांबत नसेल, किंवा तुटलेला तुकडा सापडत नसेल आणि मूल खोकत असेल, तरीही घरी बसू नये.

समूळ निखळलेल्या दाताची गोष्ट याहून अगदी वेगळी, आणि तिथे मात्र मिनिटे मोजावी लागतात. दंतआघातांचे अभ्यासक असलेल्या डेन्मार्कच्या येन्स ओवे आंद्रेआसेन यांनी एका सहकाऱ्यासह 1966 साली पुन्हा बसवलेल्या 110 दातांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. अर्ध्या तासाच्या आत खोबणीत परत गेलेल्या दातांपैकी सुमारे 90 टक्के दातांची मुळे झिजली नाहीत. दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहिलेल्या दातांपैकी जवळजवळ सर्वांची झिजली. कारण पुन्हा तेच. मुळाला चिकटून बाहेर आलेल्या अस्थिबंधाच्या पेशी कोरड्या हवेत टिकत नाहीत, आणि तासभर कोरडा राहिलेल्या दातावर त्या जिवंत उरत नाहीत असेच धरले जाते. म्हणून असा दात वरच्या पांढऱ्या भागाने धरावा, मुळाला बोट लावू नये, घासू तर मुळीच नये. घाण लागली असेल तर दुधाने किंवा सलाइनने हलकेच धुऊन, दिशा नीट पाहून, शक्य तर तिथल्या तिथे खोबणीत बसवावा आणि स्वच्छ रुमाल चावून धरून डॉक्टरांकडे न्यावा. बसवणे जमत नसेल तर दात दुधात ठेवावा. साधे पाणी त्या पेशींना मानवत नाही, तरी कोरड्या कागदात गुंडाळण्यापेक्षा तेही बरे. हे सगळे फक्त कायमच्या दाताला लागू आहे. दुधाचा दात कधीही परत बसवत नाहीत, कारण खाली वाढणाऱ्या कायमच्या दाताला त्याने इजा होऊ शकते. उशीर झालेला दातही पुष्कळदा बसवतातच. तो जन्मभर टिकणार नसला तरी वाढत्या वयात तिथले हाड राखून ठेवतो, आणि कृत्रिम दाताचे इम्प्लांट जबड्याची वाढ पुरी होईपर्यंत बसवत नाहीत, त्यामुळे मधली वर्षे निभावण्याला मोठी किंमत असते.

थांबता येण्यासारखी रात्र काढायची कशी? बाहेरून ओठावर कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ धरावा. वेदनेसाठी पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन, वय, वजन आणि मुलाचे इतर आजार पाहून, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच द्यावे. सोळा वर्षांखालच्या मुलांना डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ॲस्पिरिन देऊ नये, आणि ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवण्याचा जुना उपाय तर मुळीच करू नये, कारण त्याने हिरडी भाजते. लवंगाचे तेल हलणारा दात घट्ट करत नाही, उलट दुखावलेल्या हिरडीची आग करू शकते. झटपट चिकटणारा गोंद वापरून दात शेजाऱ्याला चिकटवण्याची कल्पना काही लोकांना खरोखर सुचते. त्याविषयी इतकेच म्हणता येईल की सकाळी डॉक्टरांना आधी तो गोंद काढत बसावे लागते. खाणे मऊ असावे आणि चावणे मागच्या दातांनी. दात घासणे मात्र टाळू नये, मऊ ब्रशने अलगद घासावेत, कारण तंतू जुळायचे तर हिरडी स्वच्छ राहायला हवी. पुढे डॉक्टर बहुधा क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक द्रावणाच्या गुळण्याही सांगतात.

ही सगळी पथ्ये मुलगा निमूट पाळतो. पाळत नाही ती जीभ. तिला रोखण्याचा कोणताही खात्रीशीर उपाय मला सापडला नाही, आणि "जीभ लावू नकोस" असे म्हणताच ती तिकडेच जाते हे मी समोर पाहत होते. बजावण्यापेक्षा कारण सांगण्याचा परिणाम अधिक झाला. अस्थिबंधाचे ते सगळे मी त्याला कागदावर रेघा काढून समजावले, तेव्हा पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर भीतीऐवजी कुतूहल दिसले. मग त्याने सरळ विचारले, "पडणार का गं हा?"

अशा वेळी "छे, काही होत नाही" असे म्हणण्याचा मोह फार होतो. चौदा वर्षांच्या मुलाला ते पटत नाही, आणि न पटलेला दिलासा त्याला थेट मोबाइलकडे नेतो, जिथे त्याच्या दाताशी काही संबंध नसलेली भयंकर छायाचित्रे त्याची वाटच पाहत असतात. मी त्याला जे खरे वाटत होते तेच सांगितले: जागेवर राहिलेला सैल दात बहुधा टिकतो, आतल्या गाभ्याचे काय होईल हे आज कोणालाच सांगता येणार नाही, डॉक्टरांनाही नाही, आणि गाभा गेला तरी रूट कॅनाल करून दात ठेवता येतो. त्याने थोडा विचार केला आणि पुढच्या सामन्याची तारीख सांगितली. त्याची खरी चिंता तिथे होती.

मार न लागता दात हलू लागणे ही वेगळी बाब, आणि माझ्या दृष्टीने अधिक फसवी, कारण तिच्यात रात्रीची धावपळ नसते आणि म्हणून दिवसाही कोणी धावत नाही. हिरडी आणि हाड यांचा आजार मोठ्या माणसांचा समजला जातो, तरी त्याचा एक प्रकार किशोरवयाच्या सुमारासच सुरू होतो आणि पहिल्या दाढा व पटाशीचे दात यांच्याभोवतीचे हाड झपाट्याने खातो; विशेष म्हणजे तोंड बऱ्यापैकी स्वच्छ दिसत असतानाही. अशा दाताची त्या रात्री धावपळ नसते, पण आठवड्याच्या आत तो दाखवायलाच हवा. मुळाशी पू झाल्यामुळे दात हलत असेल तर घाई वेगळी: गालाची सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकू लागली, ताप आला, तोंड उघडेना, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर ते रात्री किती वाजताही रुग्णालयाचेच काम.

सकाळी डॉक्टरांनी काय केले ते पाहताना लक्षात आले की बरेचसे त्यांनीही न करण्याचेच ठरवले होते. वेगवेगळ्या कोनांतून एक्स-रे काढले, कारण मुळाला आडवा तडा गेलेला असेल तर तो एकाच कोनातून दिसेलच असे नसते. मूळ शाबूत होते. दात चावताना फार दुखत होता म्हणून शेजारच्या दातांच्या आधाराने बारीक लवचीक तार, दातात भरतात त्याच मसाल्याच्या ठिपक्यांनी चिकटवली. ती लवचीक का, असे मुलानेच विचारले. डॉक्टर म्हणाले की दाताला थोडी नैसर्गिक हालचाल राहू द्यावी लागते; फार काळ अगदी ताठ जखडलेल्या दाताचे मूळ हाडाला जुळून जाण्याचा धोका असतो, आणि वाढत्या मुलात असा जुळलेला दात मागे राहून शेजारचे पुढे निघून जातात.

मग बर्फासारखा गार केलेला कापसाचा बोळा त्यांनी दाताला लावला आणि जाणवले की हात वर करायला सांगितले. शेजारच्या दाताला लावताच हात वर गेला. दुखावलेल्या दाताला लावल्यावर तो मांडीवरच राहिला. माझा चेहरा पाहून डॉक्टरांनीच खुलासा केला की मार लागल्यानंतर असे होते, गाभा जिवंत असूनही तीन महिन्यांपर्यंत दात दाद देत नाही, आणि एवढ्यावरून रूट कॅनाल करायला घेणे हा उतावीळपणा ठरेल. तपासण्या दोन आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने. तार निघाल्यावर, खेळायची परवानगी मिळाल्यावर, मैदानात माउथगार्डशिवाय उतरायचे नाही, तोही दाताचे माप घेऊन बनवलेला; याला मुलाने माझ्या अपेक्षेपेक्षा कमी कुरकुर केली.

तिसऱ्या महिन्याच्या तपासणीत त्या दाताला बोळा लागला तेव्हा हात वर गेला, पण शेजारच्या दातापेक्षा सावकाश. डॉक्टरांनी ते लिहून घेतले, दाताचा रंग शेजाऱ्याशी ताडून पाहिला, आणि सहाव्या महिन्याचा एक्स-रे चुकवायचा नाही असे मला न सांगता त्याला सांगितले.